जुन्या कृष्णधवल भयपटांच्या फोरके डिस्क घ्याव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या जुन्या डीव्हीडी आहेत. मित्राच्या घरी त्याच सिनेमांची ब्लू-रे पाहिली तर पडदाभर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तुमची डीव्हीडी त्यापेक्षा ‘स्वच्छ’ दिसते. मग फोरकेवर, म्हणजे ब्लू-रेच्या चौपट बिंदूंचं चित्र देणाऱ्या डिस्कवर, पैसे का घालायचे? मुळात रंगच नाहीत, तर फोरके आणि एचडीआरचा (उजेड-अंधारातलं अंतर वाढवणाऱ्या तंत्राचा) उपयोग काय? यातले काही सिनेमे नेटवर फुकट आहेत, ते का नकोत? आणि शेवटी, नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन बघायचं तर सुरुवात कुठून करावी?

मी पंचवीसेक वर्षं फिल्म ट्रान्सफर आणि ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचा उजेड-अंधार आणि रंग जुळवण्याच्या, कामात आहे. टेलिसिनेवर (फिल्मचा व्हिडिओ करणाऱ्या जुन्या यंत्रावर) सुरुवात केली, आता स्कॅनरवर असते. आधी उत्तर सांगते, मग कारणं. डिस्क घ्या, पण सगळ्या एकदम नको. आणि डिस्क मागवायच्या आधी टीव्हीची सेटिंग्ज नीट करा, त्याला एक पैसाही लागत नाही. निम्मा फरक तिथेच पडेल.

पहिल्यांदा त्या मुंग्या. टीव्हीचं प्रक्षेपण संपल्यावर यायच्या त्या मुंग्या आणि या मुंग्या वेगळ्या. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या बारीक कणांनी. प्रत्येक फ्रेममध्ये हे कण वेगळ्या जागी असतात, त्यामुळे सेकंदाला चोवीस फ्रेम धावल्या की चित्र किंचित थरथरतं. याला आम्ही ग्रेन म्हणतो. ग्रेन म्हणजे चित्रावर बसलेली धूळ नाही. चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं, त्यामुळे ते काढायला गेलं की चित्रही त्याबरोबर निघतं.

तुमची डीव्हीडी स्वच्छ दिसते याचं एक कारण म्हणजे डीव्हीडीत एवढे बारीक कण मावतच नाहीत. दुसरं कारण म्हणजे त्या काळी सर्रास वापरलं जाणारं नॉइज रिडक्शन. सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या फ्रेमची तुलना करतं आणि जे स्थिर नाही ते कचरा समजून पुसतं. ग्रेन जातं, आणि त्याच्याबरोबर कातडीची रंध्रं, कापडाची वीण, भिंतीचा खडबडीतपणाही जातो. एकदा एका जुन्या मराठी चित्रपटाचं काम आलं होतं. पार्टीला चित्र ‘नव्यासारखं’ हवं होतं. त्यांच्या आग्रहाखातर फिल्टर वाढवत नेला. शेवटी सिनेमातल्या आजीच्या चेहऱ्यावर एक सुरकुती उरली नाही आणि नऊवारीचं सुती लुगडं प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथसारखं दिसायला लागलं. पार्टी खूश होती. मी घरी येऊन जेवले नाही.

‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग काढा. दार उघडतं, तो पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो आणि मग कॅमेरा धक्क्याधक्क्याने तीनदा जवळ जातो. राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचा तो चेहरा जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने घडवला होता. डोळे फार जिवंत दिसतात असं कार्लॉफलाच वाटलं, म्हणून पापण्यांवर मेण चढवून त्या जड, अर्धमिटल्या केल्या. चांगल्या डिस्कवर हे मेण वेगळं ओळखू येतं. पापणी गुळगुळीत, तिच्याखालचा गाल खडबडीत, कपाळावरची शिवण आणखी वेगळी. नॉइज रिडक्शन मारलेल्या आवृत्तीत अख्खा चेहराच मेणाचा होतो आणि पिअर्सने तासन् तास खपून केलेला फरक संपतो. त्या शॉटमध्ये भीती कुठून येते? माणसाच्या कातडीला जोड दिलेला दिसतो त्यातून. तो जोड दिसलाच नाही तर समोर उरतो नुसता एक उंच माणूस.

असंच दुसरं नुकसान होतं ओरखडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. एकाच फ्रेममध्ये दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे धूळ, असं ते धरून चालतं. आता प्रयोगशाळेतल्या विजेच्या ठिणग्या तरी किती फ्रेम टिकतात? पावसाचा थेंब? नुसतं बटण दाबून मोकळं झालं तर ठिणग्या विझतात आणि पाऊस थांबतो. चांगलं काम करणारे लोक अशी दृश्यं हाताने, फ्रेम-फ्रेम तपासून करतात. खर्च जातो तो यात. ‘फोरके’ हा आकडा त्यामानाने स्वस्त आहे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते, रंग नाहीत तर फायदा काय. मला तर उलटं वाटतं. रंगीत सिनेमात लाल पदर आणि हिरवी भिंत रंगावरून वेगळी कळतात. कृष्णधवल सिनेमात दोन वस्तू वेगळ्या करायला हाताशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे करड्याची छटा. नेहमीच्या ब्लू-रेवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम सव्वादोनशे पायऱ्या मिळतात. फोरके डिस्कवर त्याच्या साधारण चौपट. हा फरक उन्हातल्या दृश्यात कळणार नाही. ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) लावा, जंगलात गुडघाभर धुकं आहे तो भाग. डीव्हीडीवर धुक्यात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसतात, नकाशातल्या समोच्च रेषांसारखे. पायऱ्या वाढल्या की धुकं पुन्हा धुक्यासारखं सरकतं. एचडीआरचंही तसंच. शहाण्या माणसाने केलेलं एचडीआर डोळे दिपवत नाही, मेणबत्तीची ज्योत आणि शर्टाचा पांढरा यांत अंतर ठेवतं, एवढंच.

आणि काळा. या सिनेमांचा सगळा जीव काळ्यात आहे. ‘ड्रॅक्युला’चा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड जर्मनीतून आलेला. सावलीत काम करण्यात त्या मंडळींचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याने ‘द ममी’ (१९३२) दिग्दर्शित केला. ‘ड्रॅक्युला’त किल्ल्याच्या प्रचंड जिन्यावर काळ्या झग्यातला काउंट ड्रॅक्युला, म्हणजे बेला लुगोसी, उभा असतो, मागे काळोख. वर जाताना वाटेत कोळ्याचं भलंमोठं जाळं आडवं आहे. काउंट ते न तोडता पलीकडे जातो, पाहुण्याला मात्र काठीने फाडून वाट काढावी लागते. हा प्रसंग कळायला तीन काळे वेगळे दिसावे लागतात: झग्याचा, जिन्याचा आणि मागच्या पोकळीचा. वाईट प्रतीत तिन्ही मिळून एक डाग होतो आणि त्यावर एक पांढरा चेहरा तरंगताना दिसतो. कित्येकांना हा सिनेमा ‘नाटकी’ आणि ‘संथ’ वाटतो, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो डागच पाहिलेला असतो असा माझा संशय आहे. (संथ तो आहेच, दुसऱ्या भागात तर बराच. ते डिस्कच्या माथी मारता येणार नाही.)

हा काळा हरवला कसा? कॉपीवर कॉपी काढल्यामुळे. मूळ निगेटिव्हवरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप (नकलेचं) निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं, प्रत्येक पिढीत सावलीतला तपशील बुजतो आणि उजेडातला उडतो. हे सिनेमे पुन्हा पुन्हा प्रदर्शित झाले आणि प्रत्येक वेळी निगेटिव्ह आणखी झिजलं. १९५७ मध्ये, हे राक्षसपट काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीचे ५२ जुने सिनेमे ‘शॉक’ नावाने अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना भाड्याने गेले, तिथे १६ मिलिमीटरच्या प्रिंट चालल्या. त्याच्याही मागेपुढे घरच्या प्रोजेक्टरसाठी आठ मिलिमीटरची, काही मिनिटांत उरकलेली रिळं विकली जात. म्हणजे दोनतीन पिढ्यांनी हे सिनेमे चौथ्या-पाचव्या प्रतीवरच पाहिले आणि ‘जुना सिनेमा असाच दिसतो’ अशी सगळ्यांची समजूत झाली. त्यातून मूळ फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेटली की विझवता न येणारी. आपल्या पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या प्रभातच्या आवारातल्या कोठीला आग लागली, तेव्हा नायट्रेट म्हणजे काय हे आपल्याला चांगलंच कळलं. किती भारतीय सिनेमांची शेवटची रिळं त्यात गेली. हॉलिवूडचीही अशीच गेली आहेत, सुदैवाने राक्षसांची बरीचशी वाचली.

म्हणून डिस्क घेताना पाकिटावरच्या आकड्याआधी एक गोष्ट शोधा: स्कॅन कशावरून केलं आहे. निगेटिव्हवरून किंवा जुन्या नायट्रेट मास्टरवरून केलं असेल तर टूके स्कॅनची साधी ब्लू-रेसुद्धा घ्या. थकलेल्या थिएटर प्रिंटवरून केलं असेल तर एटके लिहिलं तरी पाकीट खाली ठेवा. युनिव्हर्सलच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. कंपनीच्या शंभरीला, २०१२ मध्ये, आठ सिनेमांचा ब्लू-रे संच आला. त्यासाठी डागडुजी मनापासून केली होती. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये चार-चार करून तेच आठ सिनेमे फोरकेवर आले. डीव्हीडीवरून २०१२ च्या ब्लू-रेवर ही मोठी उडी आहे. ब्लू-रेवरून फोरकेवर लहान, पण काळ्याच्या बाबतीत खरी. टीव्ही ४३ इंची असेल आणि तुम्ही दहा फुटांवर बसत असाल, तर ब्लू-रेचा संच घ्या आणि उरलेल्या पैशांत इतर सिनेमे आणा.

टीव्हीच्या सेटिंगबद्दल आता सविस्तर सांगते, कारण लोक हे वाचून सोडून देतात.

पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. ‘व्हिव्हिड’ आणि ‘डायनॅमिक’ हे दुकानातल्या झगमगाटासाठी असतात. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ करा, दोन वॉर्म असतील तर जास्तीचा. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, वीस मिनिटं द्या. आपल्या डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय लागलेली असते, आणि ही लबाडी रंगीत सिनेमात खपून जाते. कृष्णधवल सिनेमात जात नाही. करडा निळा दिसला, हिरवा दिसला, तर टीव्हीचा तोल बिघडलेला आहे हे तिथल्या तिथे कळतं. मी स्वतः नवीन टीव्ही घेताना दुकानात जुना कृष्णधवल सिनेमाच लावून बघते. सेल्समन दुसरीकडे बघतो.

मोशन स्मूदिंग बंद. ते चालू असलं की टीव्ही मधल्या नसलेल्या फ्रेम बनवतो आणि कार्लॉफ डेली सोपमधल्या सासऱ्यासारखा चालायला लागतो. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याच्या जवळ, नाहीतर ग्रेनच्या प्रत्येक कणाभोवती पांढरी कड उमटते. मित्राकडे तुम्हाला मुंग्या दिसल्या त्या बहुधा यामुळेच. डिस्क बरोबर असणार, शार्पनेस चढवलेला असणार. नॉइज रिडक्शनही बंद, टीव्हीतलं आणि प्लेअरमधलं दोन्ही.

चित्र ताणू नका. हे सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. ‘पूर्ण पडदा भरत नाही’ म्हणून ताणणाऱ्या नातेवाइकांना चहा करायला आत पाठवा. शिवाय त्या पट्ट्यांचा एक फुकट उपयोग आहे. खोलीतले दिवे मालवा, जिन्याचा तो प्रसंग पॉज करा आणि ब्राइटनेस हळूहळू खाली आणा. पट्ट्या पूर्ण काळ्या झाल्या पण लुगोसीच्या झग्याच्या चुण्या अजून दिसतात, त्या ठिकाणी थांबा. चुण्या गेल्या तर फार खाली आलात. पट्ट्या राखाडी दिसल्या तर फार वर आहात. तपासणीची वेगळी डिस्क आणायची गरज नाही.

थोडं विषयांतर करते. व्हीएचएसच्या दिवसांत आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत होती, सेकंदाला २५ फ्रेम. सिनेमा २४ चा. मग सोपा मार्ग म्हणजे तो थोडा जोरात पळवायचा, चार टक्के. ‘ड्रॅक्युला’ ७५ मिनिटांचा, पाल कॅसेटवर तो ७२ मिनिटांत आटोपायचा आणि लुगोसीचा आवाज अर्ध्या पट्टीहून थोडा वर चढायचा. तो माणूस एकेक शब्द चघळत बोलायचा, त्यातली मजा तिथेच जाते. तुमची डीव्हीडी पाल असेल तर तिच्यातही हेच आहे, घड्याळ लावून बघा. ब्लू-रे आणि फोरकेवर २४ च्या २४ फ्रेम मिळतात. आमच्या बिल्डिंगमध्ये रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने यायचा, तेव्हा कुणाच्या तरी अमेरिकेतल्या मामाने एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची, कॅसेट आणली होती. टीव्हीवर चित्र वरखाली लोळायचं आणि रंग उडायचे, म्हणून सगळे हिरमुसले. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लावला तेव्हा मात्र रंगांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एक जण सेटच्या मागे बसून व्हर्टिकल होल्डची चकती धरून होता, बाकीचे बघत होते.

डिस्क घेण्याचं आणखी एक कारण आहे, काटछाट. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षसाला तळ्याकाठी मारिया नावाची छोटी मुलगी भेटते. ती त्याला घाबरत नाही. दोघं पाण्यात फुलं टाकतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर, मुलगीही तरंगेल अशा समजुतीने तो तिलाच पाण्यात टाकतो, आणि ती बुडते तेव्हा स्वतःच घाबरून पळतो. सेन्सॉरच्या कात्रीने हा शेवट उडवला. अनेक वर्षं लोकांना दिसायचं ते एवढंच: राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, कट्, आणि थोड्या वेळाने बाप तिचं प्रेत हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधलं प्रेक्षक मनाने भरायचा, आणि ते मूळ दृश्यापेक्षा फार घाण असायचं. न कळत झालेल्या चुकीचा नराधम झाला. हा तुकडा १९८० च्या दशकात मिळाला आणि व्हिडिओवर परत आला. देव असणं म्हणजे काय ते आता कळलं, असं राक्षस घडवणारा डॉक्टर ओरडतो ते वाक्य तर त्याहून उशिरा परत आलं. तोवर तिथे विजेचा गडगडाट घालून ते दाबलेलं होतं. तुमच्या डीव्हीडीत मारियाचं दृश्य पूर्ण आहे का, ते पहिल्यांदा बघा.

‘किंग काँग’चीही (१९३३) अशीच गत. १९३८ च्या पुनःप्रदर्शनात काँग माणसं चावतो, पायाखाली चिरडतो ते तुकडे गेले, पुढे सापडले आणि जोडले गेले. जुन्या कॅसेटवर ते तुकडे पोताला लावलेल्या ठिगळासारखे ओळखू यायचे. याच सिनेमाच्या १९८४ च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीवर) रोनाल्ड हेवर या अभ्यासकाचं निवेदन दुसऱ्या ध्वनिपट्टीवर घातलं होतं. डिस्कवर कॉमेंटरी ऐकण्याची पद्धत तिथून सुरू झाली. ‘गोदझिला’चा (१९५४) मूळ जपानी सिनेमाच घ्या. १९५६ ची अमेरिकन आवृत्ती पंधराएक मिनिटांनी लहान आहे, वर त्यात एक अमेरिकन वार्ताहर घुसवला आहे. गंमत म्हणून ठीक.

फुकटच्या प्रतींबद्दल. ‘नॉस्फेराटू’ (१९२२) आणि ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हे दोन नेटवर सगळीकडे पडलेले असतात. दुसऱ्याची कथा तर वकिलांना सांगण्यासारखी आहे. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं, आणि जुन्या नावाच्या पाटीबरोबर कॉपीराइटची ओळही उडाली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसणं म्हणजे हक्कावर पाणी. ज्याच्या हाती प्रिंट लागली त्याने कॅसेट काढली. धुरकट, कडा कापलेली, आवाज फाटलेला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि द फिल्म फाउंडेशनने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून तो दुरुस्त केला, २०१८ मध्ये क्रायटेरियन या कंपनीने डिस्क काढली. ती लावली तेव्हा मी धंद्यातली असून चाट पडले. हा सिनेमा ‘बातमीपटासारखा मळकट’ आहे असं मी कितीदा म्हटलं असेन. मळ सगळा कॅसेटचा होता. या सिनेमाच्या रंगवलेल्या आवृत्त्याही आहेत, प्रेतं हिरवी वगैरे. नको.

‘नॉस्फेराटू’चं फुकट नुकसान याहून मोठं आहे. त्या काळी रात्रीचं चित्रण अवघड, म्हणून रात्रीची दृश्यं भर दिवसा घ्यायचे आणि नंतर ती फिल्म निळ्या रंगात बुडवायचे. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. सिनेमा ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता बनवलेला, म्हणून तिचा लेखक ब्रॅम स्टोकरच्या विधवेने दावा जिंकला आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. ज्या वाचल्या त्यांच्या पुढे साध्या, बिनरंगी कॉप्या निघाल्या. त्या कॉपीत पिशाच्च आपली शवपेटी काखेत मारून भर दुपारच्या उन्हात गावातून रमतगमत जाताना दिसतं, आणि शेवटी तेच पिशाच्च सकाळच्या उन्हाने मरतं! कथेचाच पाया उखडला. २००६ च्या जर्मन पुनर्निर्मितीत रंग परत आले, हान्स एर्डमनचं मूळ संगीतही आलं. डिस्क घ्याल ती हीच आहे ना ते बघून घ्या. म्हणजे या यादीतला एक ‘ब्लॅक अँड व्हाइट’ सिनेमा मुळात ब्लॅक अँड व्हाइट नव्हताच.

रंगवलेल्या आवृत्त्यांवर माझा राग का, हे ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’वरून (१९३१) सांगते. फ्रेड्रिक मार्चचा चेहरा एकाच शॉटमध्ये, कट न घेता, डोळ्यांदेखत काळवंडतो, सुरकुततो. छायाचित्रकार कार्ल स्ट्रसची युक्ती साधी आहे. चेहऱ्यावर सावल्या आणि रेघा लाल रंगाने काढायच्या. लेन्सपुढे लाल फिल्टर असेपर्यंत त्या दिसत नाहीत. फिल्टर सरकवून दुसऱ्या रंगाचा आणला की त्याच रेघा काळ्या होऊन वर येतात. घरी करून बघा: पांढऱ्या कागदावर लाल पेनाने चेहरा काढा, त्यावर लाल जिलेटिनचा कागद धरा, मग हिरवा. लेकीला आवडेल. हा चमत्कार कृष्णधवल फिल्मवरच होऊ शकतो. कार्लॉफच्या चेहऱ्यावरचा रंगही असाच हिरवट करडा होता, फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट उमटावा म्हणून. तिथे संगणकाने ‘खरे’ रंग भरायचे म्हणजे कोणते?

फोरकेचा तोटा सांगितला नाही तर अप्रामाणिकपणा होईल. ‘द इनव्हिजिबल मॅन’मध्ये (१९३३) अदृश्य अंगासाठी नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीपुढे उभं करत, वरचे कपडे तेवढे चित्रित होत, मग ते दुसऱ्या चित्रात बसवत आणि उरलेल्या खुणा फ्रेमवर हाताने रंगवून झाकत. धूसर प्रिंटवर हा जोड विरघळायचा. आता कॉलरच्या कडेला रेघ दिसते, तरंगणाऱ्या वस्तूंच्या तारा दिसतात. मला ते आवडतं, कारागिराच्या हाताचा ठसा वाटतो. तुम्हाला रसभंग वाटू शकतो. मात्र शेवटी बर्फात अदृश्य, उघड्या माणसाची जी पावलं उमटतात ती बुटांची आहेत, हे डीव्हीडीवरही दिसतं. ते खापर फोरकेवर नको.

‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ (१९५४) मात्र चौकोनी नाही. तो रुंद पडद्यासाठी बनवला होता. जुन्या कॅसेटवर वरखाली फाजील जागा दिसायची. तो थ्रीडीही होता, आणि थिएटरात ते करड्या, पोलराइज्ड चष्म्यातून दिसायचं. लाल-निळ्या चष्म्यांचं लचांड या सिनेमाच्या मागे नंतर लागलं. २०१२ च्या संचात थ्रीडी आहे, पण ते दाखवणारे टीव्ही २०१७ च्या सुमारास बनायचेच थांबले. पाण्याखालची दृश्यं सपाट पडद्यावरही पुरेशी सुंदर आहेत.

खरेदीच्या बाबतीत दोनच गोष्टी. या डिस्क बहुतेक बाहेरून मागवाव्या लागतात, त्यामुळे कस्टम्सचं शुल्क आणि टपालखर्च धरून हिशेब करा, एकेक मागवण्यापेक्षा संच परवडतो. आणि साध्या ब्लू-रेला विभाग असतात. आपला सी, अमेरिकेचा ए, युरोपचा बी. पाकिटावर विभाग न बघता मागवली तर प्लेअर ती नाकारू शकतो. फोरके डिस्कला हे विभाग नसतात. पण त्याच पाकिटातल्या ब्लू-रेला असू शकतात, तिथे लोक फसतात.

एकच डिस्क घेणार असाल तर ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५). पहिल्यापेक्षा सरस असलेला दुसरा भाग. त्यात फ्रान्झ वॅक्समनचं संगीत आहे आणि एल्सा लँचेस्टरच्या केसांतली ती पांढरी वीज. दोन घेणार असाल तर ‘ड्रॅक्युला’, कारण त्याच डिस्कवर त्याची स्पॅनिश आवृत्तीही मिळते. दिवसा इंग्रजी चमू काम संपवून गेला की रात्री त्याच सेटवर दुसरे नट, दुसरा दिग्दर्शक घेऊन तोच सिनेमा स्पॅनिशमध्ये उभा राहायचा. १०४ मिनिटांचा आहे, आणि कॅमेऱ्याची हालचाल इंग्रजीपेक्षा चांगली आहे असं म्हणणारे पुष्कळ. मीही त्यातलीच, फक्त त्यात लुगोसी नाही. त्याचं एक हरवलेलं रिळ क्युबात सापडलं, म्हणून तो आज पूर्ण बघता येतो. ‘ड्रॅक्युला’त पार्श्वसंगीत जवळपास नाही, डिस्कवर फिलिप ग्लासचं १९९९ चं संगीत असलेली पट्टी निवडता येते. पहिल्या वेळी ती लावू नका. त्या शांततेत जिन्यावरून पाय सरकल्याचा आवाज ऐकू येतो.

आणि लेक. नऊ वर्षांच्या मुलीला थेट मारियाचं दृश्य दाखवू नका, तिच्याहून लहान मुलगी बुडते त्यात. ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’पासून (१९४८) सुरू करा. विनोदी आहे, पण राक्षस खरेखुरे आहेत: लॉन चेनी ज्युनियरचा लांडगामाणूस, आणि १९३१ नंतर पडद्यावर पुन्हा एकदा, शेवटचाच, ड्रॅक्युला झालेला लुगोसी. ती हसता हसता सगळ्यांना ओळखायला लागेल. मग ‘क्रीचर’. ‘फ्रँकेन्स्टाइन’ तिने स्वतःहून मागितला की लावा, आणि फुलं संपायला आली की रिमोट तुमच्या हातात असू द्या.